परक्या गावचा स्टॉपर

त्या म्हाताऱ्याच्या जर्सीवरचं शेवटचं अक्षर गळून गेलं होतं. पांढरी जर्सी धुऊन धुऊन पिवळट पडलेली, पाठीवरच्या नावाच्या कडा उकललेल्या आणि शेवटच्या अक्षराच्या जागी नुसता डिंकाचा डाग. २०१२ चा डिसेंबर होता. मी कोल्हापूरहून इंग्लंडमधल्या लीड्सला टेक्स्टाइलचं शिकायला गेलो होतो. इचलकरंजीत मामांचे यंत्रमाग, त्यामुळे घरात त्या विद्यापीठाचं नाव माझ्याआधीपासून ओळखीचं. माझ्यासाठी मात्र लीड्स म्हणजे एलंड रोड, लीड्सच्या फुटबॉल क्लबाचं मैदान. दोन महिने पैसे बाजूला टाकून एका मॅचचं तिकीट काढलं, आणि माझ्या बरोबर पुढच्या रांगेत हे आजोबा.

मी त्यांच्या पाठीवरचं नाव पुटपुटत वाचलं आणि चुकीचं वाचलं. ते वळले. "राडेबे," म्हणाले, "लुकास राडेबे." मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, तू खेळतोस का? कुठल्या जागेवर? मी सांगितलं, स्टॉपर. बॅकला, मधोमध. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरची स्वतःची पिशवी उचलून मांडीवर घेतली. मॅच संपेपर्यंत मी तिथेच बसलो होतो, आणि समोर काय चाललंय त्यापेक्षा जास्त वेळ त्यांचं ऐकत होतो.

स्टॉपर म्हटल्यावर त्यांनी जागा का करून दिली, हे मला न सांगता कळलं. कोल्हापुरात पेठेची मॅच असली की शाहू स्टेडियमच्या वाटेवरच्या दुकानांची शटरं अर्ध्यावर येतात. गोल मारणाऱ्याला खांद्यावर घेऊन तालमीपर्यंत नेतात, दुसऱ्या दिवशी चौकात त्याचा फ्लेक्स लागतो. स्टॉपरचं नाव निघतं ते तो चुकला की. मॅचभर बॉल अंगावर घ्यायचा, डोक्यानं परतवायचा, पुढच्याचा धक्का बरगडीत सोसायचा, आणि शेवटच्या पाच मिनिटांत एकदा पाय घसरला तर आठवडाभर चौक टाळून मागच्या बोळातून घरी यायचं. आमचे सर सांगायचे, "पाय बघू नगंस. पाय फसवत्यात. कंबर फसवत न्हाई." आजही कुठलीही मॅच बघताना माझी नजर बॉलवर नसते, फॉरवर्डच्या कंबरेवर असते. या जागेवर खेळलेल्या माणसाला दुसऱ्या स्टॉपरबद्दल ऐकायला मिळणं तसं दुर्मीळच.

राडेबे हा लीड्सचा जुना स्टॉपर. त्याचा जन्म १९६९ चा, जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोत, डीपक्लूफ नावाच्या वस्तीतला. अकरा भावंडं. वर्णद्वेषी राजवटीनं काळ्या मजुरांसाठी शहराबाहेर वसवलेल्या त्या वस्त्या. १९७६ मध्ये शाळकरी मुलांच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि सोवेटो पेटलं तेव्हा तो सात वर्षांचा होता. ऐंशीच्या दशकात रस्त्यावरचा हिंसाचार वाढला, तशी आईवडिलांनी त्याला पंधराव्या वर्षी घरापासून लांब, बोफुथात्स्वानात, त्या राजवटीनं काळ्यांसाठी वेगळ्या काढलेल्या एका मुलखात, पाठवून दिलं. पोरगं जिवंत राहावं म्हणून. तिथे तो गोलकीपर म्हणून खेळायला लागला. बॅकला आला तो नंतर.

१९८९ मध्ये तो सोवेटोच्या कैझर चीफ्स या नावाजलेल्या क्लबात आला. १९९१ मध्ये रस्त्यानं चालत असताना त्याच्या पाठीत गोळी लागली. ती मांडीतून बाहेर पडली, आणि पोटातल्या कुठल्याही अवयवाला, मणक्याला, नसेला न लागता. कुणी झाडली, का झाडली, याचा छडा कधीच लागला नाही. आपण क्लब बदलू नये म्हणून कुणीतरी ते घडवून आणलं असावं, असा त्याचा स्वतःचा कयास. हे सांगताना आजोबांनी माझ्या पाठीवर बोट टेकवलं आणि मग मांडीवर. एवढ्या अंतरातून गोळी जाते आणि माणूस पुन्हा बूट बांधतो, हे त्यांना अजून खरं वाटत नव्हतं.

पुढच्याच वर्षी, जुलै १९९२ मध्ये, दक्षिण आफ्रिका जागतिक फुटबॉलमध्ये परतली. १९७६ मध्ये फिफानं देशाला बाहेर काढलं होतं. डर्बनला कॅमेरूनविरुद्ध तो पहिला सामना झाला, आणि राडेबे त्यात होता. म्हणजे त्याच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी चांगल्या बॅकना देशाची जर्सी काय असते ते माहीतच झालं नाही.

एप्रिल १९९४ मध्ये त्याच्या देशात सगळ्यांनी मिळून पहिल्यांदा मतदान केलं, आणि त्याच वर्षी तो देश सोडून लीड्सला आला. अडीच लाख पौंडांत. खरं म्हणजे लीड्सला हवा होता फिल मसिंगा, गोल मारणारा. मसिंगाला परक्या मुलखात एकटं वाटू नये, सोबतीला गाववाला असावा, म्हणून राडेबेलाही घेतलं, असं तिथे सगळेच सांगतात. मसिंगा दोन वर्षांत लीड्स सोडून गेला. त्यानंही नाव काढलं. १९९७ मध्ये काँगोविरुद्धच्या त्याच्या गोलमुळे दक्षिण आफ्रिका पहिल्यांदा वर्ल्डकपला गेली. पण लीड्समध्ये अकरा हंगाम राहिला तो सोबतीला आणलेला.

सुरुवात वाईट होती. कधी राइट बॅक, कधी मिडफिल्ड, कधी बाकावर. गुडघा दुखावला. लीड्सचा हिवाळा मी काढलेला आहे. दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात, पाऊस पडतो म्हणावं तर पडत नाही, थांबला म्हणावं तर थांबत नाही, आणि खोलीत परत आल्यावर मोजे काढेपर्यंत कुणाशी एक शब्द बोललेला नसतो. मला निदान वर्गात जायचं होतं. ज्याचं कामच खेळणं आहे आणि ज्याला खेळवत नाहीत, त्याचा दिवस कसा जात असेल याचा अंदाज मला त्या शहरात आला.

आणि मग १७ एप्रिल १९९६. या एका संध्याकाळीवर आजोबा वीस मिनिटं बोलले. ओल्ड ट्रॅफर्ड, मँचेस्टर युनायटेडचं घर. लीड्स आणि मँचेस्टर यांचं वैर किती जुनं आणि किती खोल, ते कोल्हापूरकराला समजवावं लागत नाही, दोन पेठा डोळ्यांसमोर आणल्या की झालं. सतराव्या मिनिटाला लीड्सचा गोलकीपर मार्क बीनी याला पेनल्टी बॉक्सबाहेर हात लावल्याबद्दल लाल कार्ड मिळालं. राखीव गोलकीपर बाकावर नव्हताच. राडेबेनं हातमोजे घातले. मँचेस्टर विजेतेपदासाठी धडपडत होतं, समोर दहा माणसं आणि गोलात एक स्टॉपर. तास उलटून गेला तरी गोल होईना. आजोबा खुर्चीत बसल्या बसल्या हात पसरून दाखवत होते, कसा तो डावीकडे पडला, कसा उठला, बॉल छातीशी घेऊन कसा दोन सेकंद तसाच गुडघ्यावर थांबला. शेवटी ७२ व्या मिनिटाला रॉय कीननं गोल मारला. मॅच १-० नं हरली. आणि त्या हरलेल्या मॅचमधून लीड्सच्या लोकांनी त्याला आपलं म्हणून घरी नेलं.

मला यातलं एक फार खरं वाटतं. बोफुथात्स्वानात घरापासून दूर ठेवलेल्या पंधरा वर्षांच्या पोरानं जे शिकून घेतलं, ते बारा वर्षांनी मँचेस्टरमध्ये, सगळ्यांच्या देखत उपयोगी पडलं. परदेशी गेलेला माणूस सोबत काय घेऊन जातो, हे निघताना त्याला ठाऊक नसतं.

त्याच वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत आफ्रिका खंडाचा कप दक्षिण आफ्रिकेत झाला होता. उपांत्य सामन्यात समोर घाना, आणि घानाचा सेंटर फॉरवर्ड टोनी येबोआ, राडेबेचा लीड्समधलाच सहकारी. रोज सरावात ज्याला अडवायचं, त्यालाच आता देशासाठी अडवायचं. दक्षिण आफ्रिका ३-० नं जिंकली. अंतिम फेरीत ट्युनिशियाला २-० हरवून त्या स्पर्धेत पहिल्यांदाच खेळताना कप घेतला. दोन सामने, आणि समोरच्याला एकही गोल नाही. स्टॉपर ज्यावर जगतो तो आकडा हाच.

देश की क्लब, ही ओढाताण मात्र त्याच्या मागे कायम राहिली. इंग्लंडमध्ये युरोपबाहेरच्या खेळाडूला कामाचा परवाना हवा असेल, तर तो आपल्या देशाच्या बहुतेक सामन्यांत खेळलेला असावा लागे. म्हणजे देशासाठी गेला नाही तर परवाना अडचणीत, गेला तर क्लब नाराज, कारण आफ्रिकेचा कप तेव्हा भरायचा इंग्लिश हंगामाच्या ऐन मध्यात. लीड्समध्ये शनिवारी खेळायचं, रात्रभर विमानात पाय मुडपून बसायचं, खाली उतरून तीस अंशांच्या उन्हात पुन्हा नव्वद मिनिटं, आणि परत. दुखऱ्या गुडघ्यानं हे दहा वर्षं करणं म्हणजे काय, हे ज्याचा गुडघा गेलाय त्यानंच सांगावं. माझा विसाव्या वर्षी गेला.

जॉर्ज ग्रॅहम मॅनेजर झाल्यावर त्याला बॅकच्या मधोमध कायमची जागा मिळाली आणि १९९८ मध्ये तो कॅप्टन झाला. देशाचाही आणि लीड्सचाही. लोक त्याला 'चीफ' म्हणायला लागले. लीड्सच्या पाच पोरांनी पुढे आपल्या बँडला त्याच्या जुन्या क्लबाचं, कैझर चीफ्सचं, नाव दिलं. लीगच्या जवळपास २०० सामन्यांत त्याचा एकही गोल नाही. पण डिसेंबर १९९९ मध्ये युएफा कपात स्पार्टाक मॉस्कोविरुद्ध पहिला सामना लीड्स २-१ नं हरलं होतं, आणि घरच्या सामन्यात ८४ मिनिटं बॉल काही आत जात नव्हता. तेव्हा कॉर्नरला पुढे गेला आणि डोकं लावलं ते यानंच. दोन्ही सामने मिळून २-२, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे परक्या मैदानावर मारलेल्या एका गोलच्या जोरावर लीड्स पुढे गेलं.

आजोबा इथे थांबले आणि त्यांनी एक दुसरं नाव घेतलं. अल्बर्ट जोहान्सन. मी ऐकलेलं नव्हतं.

जोहान्सनही दक्षिण आफ्रिकेचाच, जर्मिस्टनचा. १९६१ मध्ये लीड्सला आला, विंगवर खेळायचा. मॅच संपल्यावर गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर एकाच हौदात आंघोळीला उतरायची आपल्याला मुभा आहे का, असा त्याला प्रश्न पडला होता. घरी त्यानं तसं कधी पाहिलंच नव्हतं. १९६५ मध्ये लिव्हरपूलविरुद्ध तो एफए कपाच्या अंतिम सामन्यात उतरला, त्या सामन्यात खेळलेला पहिला काळा आफ्रिकी खेळाडू. समोरच्या प्रेक्षकांकडून त्याला काय काय ऐकून घ्यावं लागे, ते आजोबांनी सांगितलं नाही, फक्त मान हलवली. पुढे खेळ सुटला, दारू लागली. सप्टेंबर १९९५ मध्ये लीड्समधल्याच आपल्या घरात तो वारला, एकटा. वय ५५. कळायला कित्येक दिवस गेले.

तेव्हा राडेबे त्याच शहरात राहत होता. एकाच देशातून, एकाच राजवटीखाली वाढून, एकाच क्लबात आलेली दोन माणसं, मध्ये तीस वर्षं. मला राडेबेच्या गोष्टीत सगळ्यात जास्त छळतो तो हा भाग. लीड्सला माया लावता येत नव्हती असं नाही, पण ती लावायला गावाला तीस वर्षं लागली, आणि त्या तीस वर्षांची किंमत जोहान्सननं दिली. आजोबांनी दोघांनाही खेळताना पाहिलं होतं. जोहान्सनला पाहिलं तेव्हा ते शाळेत होते आणि बापाच्या शेजारी उभे होते. बाप काय ओरडत होता, तेही त्यांच्या लक्षात होतं.

३० एप्रिल २००१ ला नेल्सन मंडेला लीड्सला आले. शहराच्या मधल्या चौकात हजारो माणसं. तिथे मंडेलांनी राडेबेकडे हात करून, हा माझा हिरो आहे, असं म्हटलं. दोनच दिवसांनी एलंड रोडवर चॅम्पियन्स लीगचा उपांत्य सामना होता, व्हॅलेन्सियाविरुद्ध. कुठल्याही स्टॉपरच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी मॅच. राडेबे मैदानावर नव्हता. दुखापतीनं त्याला बाहेर बसवलं होतं, आणि मधोमध उभा होता रिओ फर्डिनंड, १ कोटी ८० लाख पौंडांना आणलेला. अडीच लाखांचा कॅप्टन कपडे घालून बघत होता.

दुखापत लांबली. पुढचा जवळजवळ सगळा हंगाम गेला. तरी २००२ च्या वर्ल्डकपला देशानं कॅप्टन म्हणून त्यालाच नेलं. शेवटच्या गटसामन्यात स्पेनविरुद्ध त्यानं हेडरनं गोल केला, मॅच ३-२ नं गेली. पॅराग्वे आणि दक्षिण आफ्रिका, दोघांचे गुण सारखे, गोलफरक सारखा. पॅराग्वेचे एकूण गोल ६, यांचे ५. त्या एका गोलवर घरी. आयुष्यभर गोल अडवत आलेला माणूस, शेवटी कमी पडला तो मारलेला एक गोल.

लीड्सचं पुढे जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. न मिळालेल्या पैशाच्या भरवशावर खेळाडू घेतले, कर्ज अंगावर आलं, एकेक जण विकला गेला, २००४ मध्ये संघ खालच्या विभागात उतरला. राडेबे राहिला. मग टाचेमागचा स्नायुबंध तुटला आणि २००५ मध्ये खेळणं थांबलं. त्या मे महिन्यात त्याच्यासाठी निरोपाचा सामना ठेवला होता. खालच्या विभागात गेलेला, कर्जात बुडालेला क्लब आणि बघायला ३७ हजारांच्या वर माणसं. आजोबा त्या दिवशी हीच जर्सी घालून गेले होते. तेव्हा सगळी अक्षरं जागेवर होती.

हे सगळं बोलून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, तू पाहिलेला सगळ्यात चांगला स्टॉपर कोण?

माझ्या तोंडून टीव्हीवरचं कुणाचं तरी नाव यायला हवं होतं. पण मला आठवला तो आमच्या पेठेतला नायजेरियन. कोल्हापूरचे संघ हंगामासाठी बाहेरचे खेळाडू आणतात, आफ्रिकेतलेही. मी पंधरा-सोळा वर्षांचा असताना आमच्या संघानं त्याला आणलं होतं. आमच्या शेजारच्या माडीवर खोली दिली होती. आम्ही त्याला जॉनी म्हणायचो. त्याचं नाव जॉनी नव्हतं, एवढं मला माहीत होतं.

संध्याकाळी तो नळावर बूट धुवायचा. जुन्या टूथब्रशनं एकेक स्टडच्या खाचेतला चिखल काढायचा, मग बूट उलटे करून पाणी झटकायचा, आणि आकार राहावा म्हणून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचा. रद्दी मी द्यायचो. एकदा त्यानं बोळा करायच्या आधी कागद उलगडून माझ्यापुढे धरला आणि मोठ्या अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, इथे काय लिहिलंय? ती पावसाची बातमी होती. मी वाचून दाखवली. त्यानं 'पाऊस' हा शब्द दोनदा म्हणून बघितला. फॉरवर्डच्या पाठीला नुसती बोटं टेकवून, ढकलायचं नाही, तो कुठे वळणार ते बोटांना कळू द्यायचं, हे मला त्यानंच शिकवलं, त्या नळापाशी, माझ्याच पाठीवर बोटं ठेवून.

सेमीफायनलला त्यानं परतवलेला बॉल घसरून आपल्याच गोलात गेला. सगळा हंगाम त्यानं काढला होता, ते कुणाला आठवलं नाही. स्टँडमधून लोक त्याच्या रंगावरून जे ओरडले ते मला इथे लिहायचं नाही. मी त्याच गर्दीत होतो. मी ओरडलो नाही, पण शेजारच्याला गप्पही केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पणजीच्या एसटीत बसून गेला. गोव्यात कुठेतरी खेळायला मिळतं का बघायला, असं कुणीतरी म्हणालं. खोलीच्या दारात वर्तमानपत्राचे बोळे पडले होते.

हे मी आजोबांना तोडक्या इंग्रजीत सांगितलं. ते सगळं शांतपणे ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, त्याचं नाव काय होतं?

समोर मॅच संपत आली होती. मी मैदानाकडे बघत राहिलो.

मागच्या महिन्यात मी पेठेतल्या मित्राला त्या वर्षीच्या संघाचा फोटो शोधायला सांगितला. तालमीत भिंतीवर होता, भिंत रंगवताना उतरवून ठेवलेला. त्यानं मोबाइलवर पाठवला. मागच्या रांगेत, अगदी कडेला, हात पाठीमागे बांधून तो उभा आहे. खाली फोटोवाल्यानं पांढऱ्या अक्षरांत सगळ्यांची नावं लिहिली आहेत, आडनावांसकट, चहा आणणाऱ्या पोराचंसुद्धा. त्याच्या जागी फक्त 'परदेशी खेळाडू'. रात्री मित्राचा मेसेज आला: "पाच-सहा जणांना विचारलं. एकालाबी आठवंना. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं नोंदणीचे जुने कागद असतील तर उद्या जाऊन बघतो."